भालेरावबाई आणि माझे चार राजीनामे

सरकारी नोकरीत मी चौतीस वर्षं काढली आणि त्यातली निदान तीस ती सोडायच्या तयारीत घालवली. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात माझे चार राजीनामे होते. मजकूर माझा, टायपिंग भालेरावबाईंचं. चारही राजीनाम्यांत 'दिनांक' या शब्दापुढची जागा कोरी होती. पहिला टाईप करताना बाईंनी विचारलं होतं, "तारीख कुठली टाकू, भाऊसाहेब?" मी म्हटलं, "ती मी नंतर पेनानं घालतो." पुढच्या तिन्ही वेळेस त्यांनी विचारलंच नाही.

खातं कोणतं ते सांगत नाही, कारण पेन्शन चालू आहे. आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठावरच्या एका गावात आमचं कार्यालय होतं, एवढं पुरे. मी आस्थापना शाखेत. दुसऱ्यांच्या रजा, बदल्या, राजीनामे सगळे माझ्या हातून वर जायचे. स्वतःचा तेवढा जात नव्हता.

भालेरावबाई, म्हणजे कमल भालेराव, नव्वद सालानंतर केव्हातरी आमच्याकडे मराठी टंकलेखक म्हणून आल्या. शिनोलीकडच्या. वय तिशीच्या आसपास, अंगानं किरकोळ, आवाज बारीक. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यापैकी कुणाची टाप नव्हती. घरी त्या आणि त्यांचे वडील नाना, दोघंच. केसांत कायम दोन काळ्या पिना असायच्या. एक केसांसाठी आणि दुसरी टाईपरायटरसाठी.

आमच्या कार्यालयातली तिन्ही यंत्रं जुनाट होती. बिघडली की पुण्याहून मेकॅनिक मागवायचा. त्यासाठी टिपणी, टिपणीवर शेरा, शेऱ्यावर सही, आणि तोवर टंकलेखकानं चहा प्यायचा, अशी रीत होती. बाईंनी ती पहिल्याच महिन्यात मोडली. रोलर अडकला तेव्हा त्यांनी यंत्राजवळ कान नेला, डोळे मिटले, एकच कळ चारदा दाबली, डोक्यातली पीन काढली आणि आत कुठेतरी टोचली. रोलर सुटला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "यांना हे करायचा अधिकार आहे का?" मी म्हटलं, नियम पाहून सांगतो. तीन दिवस मी नियम पाहिले. पिनेबद्दल कुठंच काही सापडलं नाही.

त्या कामाला वाघ होत्या, आणि तीच त्यांची अडचण होती. बारा वाजेपर्यंत दिवसाचं टायपिंग संपायचं. मग पावणेसहापर्यंत बसून राहायचं. शिवाय संपलेलं काम पुन्हा करायला लागायचं ते वेगळंच. एका साहेबांना 'करावे' हा शब्द खपत नसे, ते खोडून 'करण्यात यावे' करत. त्यांची बदली झाली आणि जे नवे आले त्यांना 'करण्यात यावे' लांबट वाटे, ते खोडून 'करावे' करत. दोन्ही वेळेस बाईंनी तेच परिपत्रक सात प्रतींत पुन्हा टाईप केलं, मधे कार्बन घालून. एकदा त्या मला म्हणाल्या, "रिकामंच बसायचं तर घरी का न्हाई बसायचं, भाऊसाहेब?" मी त्यांना समजावलं की कार्यालयात रिकामं बसणं ही हजेरी असते आणि घरी रिकामं बसणं ही गैरहजेरी. हे मी अगदी मनापासून सांगितलं होतं.

"संध्याकाळी बोटं ठणकत्यात," त्या म्हणाल्या, "पण दिवसभर केलं काय, ते घरी जाईस्तोवर आठवत न्हाई."

माझंही तसंच होत होतं. फक्त माझी बोटं दुखत नव्हती. त्या आठवड्यात मी दुसरा राजीनामा लिहिला.

शिलाई मशीनचं प्रकरण माझ्या घरातून सुरू झालं, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत असे. खरं तर ते त्यांच्या घरातून सुरू झालेलं होतं. त्यांची आई गावातले कपडे शिवायची. मशीन बिघडलं की दुरुस्त करायला कुणी नव्हतं, म्हणून दहा वर्षांची कमल ते उघडून बसायची. आई गेली, मशीन राहिलं. आमच्या मंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं मशीन दोन वर्षं बंद होतं आणि मी त्यात तेल घालीन म्हणत होतो. एका रविवारी बाई आल्या. मशीनवर हात ठेवून आधी मंदाला विचारलं, "कधीपासून?" बिघडलं कसं, कुणी बिघडवलं, हे त्या कधीच विचारत नसत. मग पिशवीतून सुईचं पाकीट काढलं. "काहीबी झालं तरी आधी सुई बदलून बघायची. निम्मी दुखणी तिथंच जात्यात." वीस मिनिटांत मशीन चालायला लागलं. मंदानं माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथं लिहीत नाही.

पुढं 'आधी सुई बदलून बघा' हे वाक्य आमच्या कार्यालयात सगळ्याच दुखण्यांवर चालायला लागलं. साहेब चिडले, शिपायाचं बायकोशी वाजलं, जीप चढाला बंद पडली, तरी कुणीतरी म्हणायचंच. मी चारचौघांत त्यावर हसायचो आणि आपल्या बाबतीत नेमकी कोणती सुई बदलायची याचा एकट्यानं विचार करायचो.

आमच्या कार्यालयानं एका योजनेत डोंगराकडच्या वाड्यांतल्या बायकांना शिलाई मशीनं वाटली होती. लाभार्थ्यांची यादी बाईंनीच टाईप केली होती. वर्षानं तपासणी अहवाल मागवला गेला. कच्चा मसुदा माझा: 'सर्व यंत्रे सुस्थितीत असून लाभार्थी समाधानी आहेत.' बाईंनी तो टाईप केला, सात प्रती लावल्या आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, तुमी गेला व्हता तिथं?"

"म्हणजे... जीप गेली होती."

"जीपमधी कोण व्हतं?"

"ड्रायव्हर."

आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो. जीप साहेबांच्या पाहुण्यांना भीमाशंकरला घेऊन गेली होती आणि योजनेतली एक वाडी वाटेवर होती.

बाईंनी प्रती माझ्या टेबलावर ठेवल्या. रविवारी त्या एसटीनं डिंभ्यापर्यंत आणि तिथून चालत त्या वाडीत गेल्या. अकरा मशीनं होती, चालत एकही नव्हतं. एकावर देव्हारा मांडला होता. एकावर भाताचं पोतं होतं. एकाच्या खणात कोंबडी अंड्यावर बसली होती आणि घरधनीण म्हणाली, आठ दिवस थांबा, ती उठली की बघा. बाईंनी देव उचलून दुसरीकडं ठेवायला लावले, कोंबडी तेवढी राहू दिली, आणि अंधार पडायच्या आत सात मशीनं चालू केली. त्यातल्या चारांना काहीच झालेलं नव्हतं. सुई उलटी बसवली होती, एवढंच. सुईची सपाट बाजू कुठल्या अंगाला यायला पाहिजे, हे वाटप करताना कुणी सांगितलं नव्हतं. फोटो काढले होते, हार घातले होते, साहेबांचं भाषण झालं होतं. एक म्हातारी म्हणाली, "सुई उलटी व्हती व्हय? आन् आमी वरीसभर मशीनलाच शिव्या घालतोय!"

सोमवारी बाईंनी हे सगळं मला सांगितलं. रागानं नाही, उलट त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कार्यालयात कधी पाहिला नव्हता. "कुणीतरी जाऊन नुसतं सांगायचं व्हतं, भाऊसाहेब."

मी म्हटलं, "तसा घटक योजनेत नव्हता."

त्यांनी मान हलवली, जागेवर गेल्या, यंत्रात कागद घातला आणि दोन ओळींचा राजीनामा टाईप केला. खाली सही, वर तारीख. त्याच दिवसाची.

माझे राजीनामे दीड-दीड पानाचे असत. त्यांत माझं मन, माझी घुसमट, सेवाकाळात मिळालेल्या सहकार्याबद्दल आभार, असं सगळं यायचं. दोन ओळींत नोकरी सोडता येते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाना आले. खडकीच्या कारखान्यात हमाली करून निवृत्त झालेला उंच, ताठ माणूस. पांढरी टोपी काढून हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साहेब, तेवढा कागद वर पाठवू नका. पोरीला येड लागलंय. आमच्या वस्तीत सरकारी पगार घेणारी ही पहिली. शिका म्हणून सांगितलं आमाला, आमी पोटाला चिमटा घेऊन शिकवली. आन् आता ही पिशवी घेऊन मशीनं दुरुस्त करत दारोदार हिंडणार? माझा बाप हिंडायचा साहेब, लोकांच्या दारोदार, भाकरीसाठी. मी ते डोळ्यानं बघितलंय. पुन्हा बघायला लावू नका."

 मी म्हटलं, "नाना, मी बघतो." आमच्या शाखेत 'बघतो' म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. मी राजीनामा खालच्या खणात ठेवला. नोटिशीचा एक महिना असतो, तेवढ्यात बाईंचं मन निवेल, आणि नाही निवलं तरी कागद वर गेलेलाच नसेल, म्हणजे नोकरी शाबूत. एका म्हाताऱ्या बापावर आणि एका शहाण्या बाईवर आपण उपकार करतोय असं मला वाटत होतं. महिनाभर मी त्या उपकाराच्या आनंदात होतो.

महिना भरला त्या दिवशी बाई कार्यमुक्तीचा आदेश न्यायला आल्या. मी चष्मा पुसला. आवक नोंदवही उघडली. साहेब दौऱ्यावर आहेत म्हणालो, आणि तेवढ्यात साहेबांच्या केबिनमधून साहेब खोकले. बाई वाकल्या आणि माझा खालचा खण ओढला. तो नेहमी अडकायचा. त्यांनीच एकदा पिनेनं सरळ केला होता, त्यामुळे आत काय असतं आणि तो कसा ओढायचा, दोन्ही त्यांना माहीत होतं. आत माझे चार राजीनामे होते आणि त्यांवर त्यांचा.

त्यांनी आपला कागद उचलून माझ्या टेबलावर ठेवला.

"भाऊसाहेब, माझा राजीनामा तुमच्या राजीनाम्यांत ठेवू नका. तिथं तो नासंल."

शेजारचा कारकून लिहिता लिहिता थांबला. मी कसाबसा म्हणालो, "नाना आले होते."

बाईंनी खण ढकलून बंद केला. डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं, पण आवाज सरळ होता. "मला ठावं न्हाई का? महिना झाला, ते माझ्याशी बोलत न्हाईत. आजोबा मागायला जायचे, भाऊसाहेब. मी बोलावल्यावर जाणार. हे त्यांना कळंल कधीतरी, न्हाई कळलं तर मी काय करू? पण तुमी तरी ह्ये करायला नको व्हतं."

त्या दिवशी मी स्वतः फाईल हातात घेऊन साहेबांकडे गेलो. माझ्या चौतीस वर्षांत एवढ्या वेगानं दुसरं काम झालेलं नाही. आणि एवढी लाजही पुन्हा वाटली नाही.

निरोप समारंभ रीतीप्रमाणे झाला. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. वेळेच्या जाचातून सुटणाऱ्या बाईला घड्याळ द्यायची कल्पना माझी. भाषणही माझंच. वीस मिनिटं बोललो, त्यातली पंधरा माझ्याविषयी. बाई उत्तरादाखल उठल्या आणि म्हणाल्या, "तुमा सगळ्यांची मशीनं बिघडली तर निरोप धाडा. येईन." आणि बसल्या.

पहिलं वर्ष त्यांना जड गेलं. हे मला मंदाकडून कळायचं. आठवड्यात दोन दिवस काम, बाकीचे दिवस दाराकडं बघत बसायचं, आणि घरात बाप मुका. त्यांनी एक जुनी मोपेड घेतली आणि शाळेच्या मैदानात गोल गोल फिरून शिकल्या. दोनदा पडल्या, एकदा गुडघा फुटला, तरी लंगडत राजुरीला गेल्याच. मी इकडे सहकाऱ्यांना सांगत होतो, "बघा, वर्षात परत येतील." त्या परत आल्या असत्या तर मला किती बरं वाटलं असतं, हे मी कुणाला सांगत नव्हतो.

त्या आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षापासून त्यांचं चाक फिरायला लागलं. मोपेडच्या मागं पत्र्याची पेटी, खांद्याला निळी रेक्झिनची पिशवी. शाळा उघडायच्या आधी आणि दिवाळीला त्यांना जेवायला सवड नसे. भातलावणीच्या दिवसांत डोंगराकडच्या बायका शेतात असत, तेव्हा बाई दुपारी चक्क झोपायच्या. एकदा संकष्टीला मी अर्धी रजा टाकून मंदाला घेऊन ओझरला गेलो होतो. दर्शन घेऊन नदीकडं उतरलो तर बाई घाटाच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसलेल्या. सकाळचे अकरा, वार कामाचा.

"आज सुट्टी?" मी विचारलं.

"न्हाई. आज कंटाळा," त्या म्हणाल्या.

 कंटाळा मला रोज यायचा, पण त्या नावाची रजा आमच्या नियमांत नव्हती.

नानांचं कसं झालं, ते मला फोनवर कळलं. पुन्हा आमचं मशीन अडलं म्हणून मी बाईंच्या घरी फोन लावला, तर पलीकडून जाड आवाज आला. "कोण बोलतंय? गाव कुठलं? काय त्रास हाय?" मी त्रास सांगितला. "आधी सुई बदलून बघा," नाना म्हणाले. "न्हाई झालं तर बुधवारी धाडतो. सोमवार देता यायचा न्हाई, सोमवारी ती बेल्ह्याच्या बाजारात असती." मी नाव सांगितलं. मग म्हणाले, "साहेब, तुमी दिलेलं घड्याळ माझ्या डोक्यावर लावलंय. कुठं किती वाजता जायचं, ते मीच लिहून ठेवतो. बारा गावचे फोन येत्यात. बोलावणं येतं साहेब, बोलावणं." तो शेवटचा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. मी घाईनं फोन ठेवला.

मी मात्र रीतसर निवृत्त झालो. शाल, नारळ, घड्याळ. खण रिकामा करताना चार राजीनामे निघाले, ते पिशवीत टाकले. पुढच्या सोमवारी सकाळी साडेनऊला मी कपडे करून, डबा मागून दारात उभा. मंदा म्हणाली, "अहो, कुठं निघालात?" मग तिलाच दया आली असावी. मशीनचं डोकं, म्हणजे टेबलावरचा भाग, काढून तिनं माझ्या त्याच पिशवीत भरलं आणि म्हणाली, "बेल्ह्याला जा. टाका सुटतोय म्हणावं."

बेल्ह्याला बैलांचा बाजार भरात होता. टेम्पो लागलेले, धूळ, हाकाट्या. त्या गर्दीच्या कडेला लिंबाखाली, पोत्यावर, बाई बसल्या होत्या. केस पिकलेले, डोळ्यांना चष्मा, पिना दोनच. भोवती सात-आठ बायका आपापली मशीनं घेऊन. मी रांगेत उभा राहिलो. रांगेत उभं राहणं मला चांगलं जमतं.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी आधी मशीनवर हात ठेवला आणि मग माझ्याकडं बघितलं. "अगं बाई, भाऊसाहेब! सुटला का?"

"सुटलो म्हणजे... वय झालं."

त्यांनी सुई बदलली, आत पीन घातली, कान लावला. मग म्हणाल्या, "चिंध्या संपल्या. सुईची चाल बघायला एखादा कागद हाय का?"

मी पिशवीत हात घातला. हाताला जो आला तो दिला. त्यांनी घडी उलगडली आणि त्यांचे हात थांबले. कागद पिवळा पडला होता, पण अक्षरं त्यांच्याच यंत्राची होती.

"ह्यो माझ्या हातचा."

"हो."

"तारीख न्हाई घातली."

"राहून गेलं," मी म्हटलं.

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. कागद त्यांनी हातानं सपाट केला, मशीनच्या सुईखाली धरला आणि मला म्हणाल्या, "फिरवा चाक." मी चाक फिरवलं. दोरा नव्हता, नुसती सुई वरखाली होत होती आणि कागद हळूहळू पुढं सरकत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी चाललेलं मला दिसत होतं. त्यांनी कागद काढून उन्हाकडं धरला. 'दिनांक'च्या पुढच्या कोऱ्या जागेतून बारीक भोकांची सरळ रेघ खालपर्यंत गेली होती.

"सरळ आलं," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्या हातात दिला. "घरी बसून काय करणार आता?"

"अजून ठरवलं नाही."

"मग सोमवारी येत जा. चाक फिरवायला माणूस लागतं मला. वाटलं तर यायचं, न्हाई वाटलं तर न्हाई."

मी विचारलं, "किती वाजता?"

तेव्हा मात्र बाई हसल्या. मान मागं टाकून, पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रांगेतल्या बायकाही हसायला लागल्या, कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं तरी. मीही हसलो. परतीच्या जीपमध्ये बसलो तेव्हा त्या पुढच्या मशीनला कान लावून बसल्या होत्या, डोळे मिटून. शेजारी एक रिकामं पोतं चौघडी करून नीट अंथरलेलं होतं.

ते पोतं माझ्यासाठी होतं की गिऱ्हाइकासाठी, ते विचारायला येत्या सोमवारी जाणार आहे. या गोष्टीला आता चार वर्षं झाली.